मामाचा चुकणारा सूर

९ जून २०२५, फ्रिस्को

प्रफुल्ल, आता आणखी एक खोकं माझ्या दारात आलं ना, तर ते न फोडता तसंच परत पाठवीन. आधी शेकायची पिशवी आली. मग बर्फाची पिशवी. मग मनगटाचा पट्टा, तोही एवढा मोठा की तुझ्या दाजींच्या पोटरीला बसेल. मग मलम. काल पुन्हा मलम. मी काय इथे दुकान मांडू? आणि खोक्यात एक चिठ्ठी नाही की ताई कशी आहेस, उपासना कशी आहे. फोन केला तर मीटिंग. मेसेज केला तर अंगठा. म्हणून कागदावर लिहिते. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

जय भीम लिहायचा राहिला, तो इथे घे.

चौथी पास बाईचं अक्षर आहे, वाचायला त्रास होईल. होऊ दे.

आधी एक गोष्ट ऐक, मग खालचं वाच. हात वाचला. तुझ्या भाचीचा हात वाचला. बसला असशील तर ऊठ, उभा असशील तर बस, पण ऐक.

मागच्या बुधवारी मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. फोटो काढले, बोटांना वायरी लावून करंट दिला, ते बघून माझ्याच अंगावर काटा आला. काही तुटलेलं नाही. शीर दबलेली नाही. कोपराखाली स्नायू दोरीसारखा बारीक होत मनगटाकडे जातो, ती दोरी सुजली होती. दोन्ही हातांची, उजव्याची जास्त. डॉक्टर म्हणाला, पियानोवाल्यांचं हे नेहमीचंच दुखणं आहे, काही जण दुखत असताना वर्षानुवर्षं वाजवत राहतात आणि मग हात कायमचा बसतो. ही वेळेवर थांबली. पियानो बंद ठेवला तेच औषध झालं. आता हळूहळू सुरू करा म्हणाला.

गाडीत येऊन बसले. रडले वगैरे नाही. ऊन फार होतं. तुझे दाजी म्हणाले, "अंजना, एसी वाढवू का?" म्हटलं, वाढवा.

आता व्यायामाला जिच्याकडे जातो ती शरयू. इथेच जन्मलेली, आईबाप मराठी, मराठी बोलते पण उलट्या पायांत चपला घातल्यासारखी. फक्त हाताचेच व्यायाम शिकवते. या अमेरिकेत हाताला वेगळा माणूस, खांद्याला वेगळा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काकू, ही किती वाजवते?"

मी म्हटलं, "रोज तीन तास. त्या दिवशी अठरा."

"अठरा… म्हणजे वीकमध्ये?"

"एका दिवसात."

तिने पेन खाली ठेवलं. "का पण?"

आता तूच सांग प्रफुल्ल, या "का"ला मी काय उत्तर द्यायचं? तिला म्हटलं, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, म्हणून जयंतीला आमची मंडळी सलग अठरा तास वाचत बसतात. इथे फ्रिस्कोमध्ये हॉल घेतो, पोरंबाळं पुस्तकं घेऊन येतात, म्हातारेही बसतात, मी चहा देते. आमची ही म्हणाली, माझा अभ्यास म्हणजे पियानो. आणि तिचा मामा क्युपर्टिनोहून म्हणाला, वा! तू तिकडे पियानो वाजव, मी इकडे माझा कीबोर्ड वाजवतो, दोघं मिळून अठरा तास.

शरयू म्हणाली, "पण काकू, ते तर वाचत होते ना? पान उलटायला किती जोर लागतो?"

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

मग तिने उपासनाला इंग्रजीत विचारलं, तुझ्याबरोबर दुसऱ्या कुणी एवढं वाजवलं का? ही म्हणाली, "माय मामा. ही वॉज ऑन द फोन द होल टाइम." शरयूने विचारलं, मग त्याचे हात कसे आहेत? "ही इज फाइन." असं म्हणताना पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पाहिलं ते.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पहाटे पाचला सुरू केलं, तुझ्याकडे तर तीनच वाजले होते. फोन पियानोवर उभा केलेला, कॅमेरा बंद, नुसता आवाज, सोबत म्हणून. ही आपलं वाजवते आणि मागून बारीक आवाजात तुझं ते एकच गाणं, नवशिक्यांच्या बुकातलं तिसरं. दुपारनंतर तिची बोटं बधिर व्हायला लागली. मधे मधे हात झटकायची. मी म्हटलं, बस झालं, ऊठ. तर म्हणे, "मामा थांबला का?" फोनला कान लावला, तुझं चालूच. शेवटाकडे तुझं बोट नेहमी घसरतं तिथे घसरायचं, टुंगच्या जागी टिंग, मग पुन्हा पहिल्यापासून. गळक्या नळासारखं. उपासना म्हणाली, "बघ आई, चुकतो पण थांबत नाही." आणि हिने पुन्हा हात ठेवले. रात्री अकराला हॉलमधली सगळी मंडळी घरी आली, टाळ्या वाजल्या. तू फोनवर जय भीम म्हणालास, तर आवाज पार बसलेला. आम्हाला वाटलं, बिचारा थकला.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातातून दुधाचा ग्लास पडला. चार दिवस तिने मला काही सांगितलं नाही.

आणि मग मी तुला फोनवर जे बोलले ते बोलले. त्यातलं एक अक्षर परत घेणार नाही. पण "पुन्हा या घरी फोन करू नकोस" हे काही पाळायला सांगितलं नव्हतं. लहानपणापासून माझं एक ऐकलं नाहीस, नेमकं हेच बरं ऐकलंस!

बाकी ठीक. खोबरेल तेलाने मी रोज तिचे हात रगडत होते, चांगला जोर लावून. शरयूने पाहिलं आणि म्हणाली, "काकू, प्लीज, स्टॉप." बंद केलं. तिची वेणी मात्र अजून मी घालते. दहा वर्षांची झाली तेव्हापासून केसांना हात लावू दिला नव्हता तिने. आता हात वर गेला की दुखतो, म्हणून सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसते. मी सावकाश घालते. गुंता नसला तरी सावकाश.

पत्राचं उत्तर पत्राने दे. खोकं नको.

ताई

३० जून, फ्रिस्को

सांगितलं होतं खोकं नको, तर तू लाकडाचं बाकडं पाठवलंस. खालीवर होणारं. दोन माणसांनी उचलून आणलं. परत पाठवणार होते, पण शरयू म्हणाली की असंच पाहिजे होतं. ही आजवर बुटक्या खुर्चीवर बसायची, म्हणून खांदे कानापर्यंत चढायचे आणि मनगट वाकडं व्हायचं. आता उंच बसते, खांदे आपोआप उतरतात, मला चौथी पासलासुद्धा दिसतं. ठेवून घेतलं. आभार वगैरे मानत नाही.

चांगली गोष्ट आधी. सूज गेली. शरयू कोपराखाली अंगठा रुतवून दाबते आणि विचारते, "इथे? इथे?" पोरगी म्हणते, नो, नो. आधी नुसतं बोट लावलं तरी ओरडायची. रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपायची तीही सुटली. काल लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडेना, तिने घेतलं आणि फिरवून दिलं, टीव्हीवरची नजरसुद्धा न काढता. मी बरणी घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. तुझे दाजी म्हणाले, काय शोधतेस? म्हटलं, चमचा.

आता दुसरी गोष्ट.

शरयूने सांगितलंय, पाच मिनिटं वाजव, थांब, संध्याकाळी पुन्हा पाच मिनिटं. मग हळूहळू वाढव. दुखलं की त्याच मिनिटाला ऊठ. तीन दिवस वाजवलं तिने. दुखलं नाही. चौथ्या दिवशी झाकण उघडलं, बाकड्यावर बसली, बसून राहिली, झाकण लावलं आणि वर निघून गेली. त्या दिवसापासून रोज तेच. मी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"आय अ‍ॅम नॉट बिल्ट फॉर इट, आई."

एवढं मला कळतं. म्हटलं, कुणी सांगितलं तुला? तर म्हणे, "मामा डिड इट. आणि तो, लाइक, ओल्ड आहे. त्याला काहीच नाही झालं. पियानोवाल्यांना रोज वाजवायचं असतं, आई, फॉर लाइफ. एका दिवसात माझे हात गेले." असं म्हणते आणि माझ्याकडे बघते, जसं काही मीच तिला हलक्या प्रतीचे हात दिले.

त्रेचाळिसाव्या वर्षी तुला म्हातारं म्हणाली, यावर मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

स्टेट कॉलेजचं तर तुला माहीतच आहे. ऑगस्टमध्ये जायचंय तिला पेनसिल्व्हेनियाला, संगीत शिकायला. तिथे पहिल्याच आठवड्यात सगळ्या मास्तरांपुढे वाजवायचं. आता म्हणते, मी त्यांना ईमेल करते, मला म्युझिक नको, दुसरं काहीतरी घेते. तुझे दाजी म्हणतात, "तिची लाइफ आहे, अंजना, प्रेशर नको." ते समजूतदार आहेत. घरात दोन समजूतदार माणसं असली तर चालणार कसं, म्हणून मी दुसरी होत नाही.

दहा वर्षं मी या घरात ओरडत आले, बंद कर ती टणटण, मला फोनवर ऐकू येत नाही. आता फोनवर सगळं नीट ऐकू येतं. फ्रिजचा आवाजसुद्धा येतो. तो एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून तुला एक विचारते, आणि याचं उत्तर पाहिजे. तू ते अठरा तास कसे काढलेस? काय खाल्लंस, कसा बसलास, मधे हात झटकलेस का? खरं लिही, तुझा हात दुखला नाही? एवढासासुद्धा नाही? दुखला असेल तर तिला मी सांगू शकते की बघ, मामाचाही दुखला. नसेल दुखला तर कसा नाही दुखला ते लिही. तू काही पैलवान नाहीस. लहानपणी तुझी पाटी मी उचलून न्यायचे शाळेपर्यंत.

ताई

१३ जुलै, फ्रिस्को

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. खोकंही नाही. आता मला खोक्याची वाट बघायला लावतोस होय?

थोडंच लिहिते, भाजी फोडणीला पडली आहे.

तुझ्या शेजारच्या शैलाने काल फोटो पाठवला. तुमच्या क्युपर्टिनोच्या कार्यक्रमातला, मागच्या महिन्यातला. तू मधे उभा, खांद्यावर शाल, हातात पुस्तक, मागे बोर्ड, "सलग अठरा तास संगीत साधना". तुमच्या मंडळाचे राजीवभाऊ तुला हार घालताहेत. बाकी सगळे हसताहेत आणि तुझं तोंड असं, जसं दाढ काढायला नेलंय. मी म्हटलं, याला झालंय काय? सत्कार आहे की सुतक?

उपासनाने फोटो पाहिला. स्वतःच्या फोनवर घेतला तिने तो. मी विचारलं, कशाला? म्हणे, "ही लुक्स सॅड. बट ही अर्न्ड इट."

ते ईमेल अजून केलेलं नाही तिने. लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. मी रोज विचारत नाही. दोन दिवसांतून एकदा विचारते.

गाडी चालवायला लागली पुन्हा. काल मला दुकानात नेलं तिने, रिव्हर्स घेताना मी डोळे मिटून घेतले, पण हात स्टिअरिंगवर कसे लोण्यासारखे फिरत होते! हात बरे आहेत, प्रफुल्ल. शंभर टक्के बरे आहेत. आता जे दुखतंय ते हातात नाही.

तू एवढा गप्प का आहेस? तुला काही झालंय का? शैलाला विचारलं, तर ती म्हणे ऑफिसला जातो, येतो, भेटत नाही कुणाला. कीबोर्डही उचलून कपाटात टाकलाय म्हणे. का?

लिही. भाजी लागली.

ताई

२८ जुलै, फ्रिस्को

अरे गाढवा.

शनिवारी तुझं पत्र आलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वाचलं. वाचता वाचता असं हसायला लागले की तुझे दाजी वरून धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?" मला बोलता येईना. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "टाळ्यांनी जाग आली?" मग तेही माझ्याशेजारी पायरीवर बसले.

मटण-भात! शैलाने डबा आणून दिला, तू पोटभर जेवलास, आणि दहा मिनिटं पाठ टेकावी म्हणून तुझं गाणं त्या कीबोर्डात भरून ठेवून बटण दाबलंस, परत परत वाजत राहील असं. का, तर पोरीला एकटं वाटू नये. आणि सोफ्यावर आडवा झालास तो थेट आमच्या टाळ्यांनी उठलास. दुपारपासून रात्रीपर्यंत घोरत पडला होतास तू! आणि वर तसाच झोपेतून उठून बसक्या आवाजात जय भीम म्हणालास, आणि इथे बारा-पंधरा माणसं डोळे पुसताहेत की केवढा थकला बिचारा!

मला आता सगळं आठवतंय. तोच टिंग. प्रत्येक वेळी तिथेच, तेवढाच, तसाच. जिवंत माणूस एकदा तरी जास्त चुकेल, एकदा तरी कमी चुकेल. पण तू एरवी रोजच तिथे चुकतोस, मग शंका यायची कशी? दुसऱ्या कुणाचा कीबोर्ड असता तर आम्ही ओळखलं असतं.

हे वाचून मी रागवेन असं तुला वाटलं ना? एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर रागवले असते. सोलून काढला असता. आता ऐक, मला काय वाटलं ते. छातीवरून पाटा-वरवंटा उतरला. एप्रिलपासून मला वाटत होतं की तू लोखंडाचा आणि माझी पोर मेणाची. मला वाटत होतं, माझ्याच पोटात काही कमी पडलं. आता कळलं की अठरा तास पियानो वाजवणं तुझ्याच्याने झालं नाही, कुणाच्यानेच होत नाही, आणि जिने केलं तिचे हात सुजले यात नवल काय! सुजणारच. हातच आहेत ते. शरयूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तुझं पत्र वाचल्याशिवाय ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

बाबासाहेबांनी रात्र रात्र जागून अभ्यास केला तो आपल्या पोरांना चांगले दिवस यावेत म्हणून. चांगले दिवस आलेल्या पोरीचे हात आपणच मोडायला निघालो होतो, तेही त्यांच्याच नावाने. पुढच्या जयंतीला मी सगळ्यांना सांगणार आहे, वाचणारे वाचतील, थकला तो उठेल, दुसरा त्याच्या जागी बसेल. अठरा माणसं एकेक तास बसली तरी अठरा तास होतात. यावर कुणी वाद घातला तर त्याला चहा नाही.

आता पत्रातली तुझी शेवटची ओळ. "ताई, तिला सांगू नकोस, ती मला पुन्हा मामा म्हणणार नाही."

मी सांगणार नाही. घाबरू नकोस. पण का सांगणार नाही ते समजून घे. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई मला बरं वाटावं म्हणून रचून सांगते आहे. ती मला ओळखते. तुझं पत्र दाखवलं तर तिला तुझं मराठी अक्षर वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवलं तर पुन्हा तेच, आई रचते आहे. दाजींनी सांगितलं तर म्हणेल, आईने पढवलं. हे तुझ्याच तोंडून जायला पाहिजे. तुझ्याच आवाजात. मटण-भातासकट.

शाल परत करायची काही गरज नाही, थंडी तुला लवकर वाजते. पण तिथल्या मंडळींनाही सांगून टाक. चार दिवस हसतील. शैला तर म्हातारी होईपर्यंत हसेल, तिच्या डब्याने एवढं केलं म्हणून. हसू दे. हसण्याने कुणाचा हात सुजत नाही.

आणि ती तुला मामा म्हणणार नाही म्हणतोस, तर हे ऐक. हे मी कुणालाच सांगितलं नाही, दाजींनासुद्धा नाही. शुक्रवारी मी कामावरून लवकर आले. शाळेच्या किचनमध्ये उन्हाळ्याची साफसफाई आहे, लवकर सोडलं. दारात पोचले, हातात पिशव्या, चावी काढणार, तेवढ्यात आतून आवाज आला. पियानो. एकेका बोटाने, हळू. तिचं ते मोठं अवघड काही नव्हतं. बुकातलं तिसरं गाणं होतं. तुझं. मी तिथेच उभी राहिले. शेवटाकडे आली आणि तिने मुद्दाम टिंग केलं. जिथे तू करतोस तिथेच. आणि हसली. एकटीच, नाकातून, लहानपणी हसायची तशी. मग पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, पुन्हा टिंग.

मी दारातच उभी. आईस्क्रीम वितळून पिशवीतून पायावर गळलं. मी हलले नाही. आत गेले असते तर तिने झाकण लावलं असतं.

मामा म्हणणार नाही म्हणे! अरे, ती तुझी चूकसुद्धा जपून ठेवून बसली आहे.

तर आता ऐक. ऑगस्टच्या आठ तारखेच्या आत तिला कॉलेजला कळवायचं आहे, संगीत ठेवायचं की सोडायचं. त्या लिहून ठेवलेल्या ईमेलवर तिचं एक बोट पडायचं बाकी आहे, आणि ते बोट आता अगदी बरं आहे. म्हणून माझ्याकडे वेळ नाही आणि तुझ्याकडेही नाही. हे पत्र मी साधं टाकत नाही, लवकर पोचणारं टाकते, म्हणजे "मिळालं नाही" म्हणायची सोय नको.

कपाटातून कीबोर्ड काढ. धूळ पूस. समोर ठेव. मग तिला फोन कर, या वेळी कॅमेरा चालू ठेवून, तुझं तोंड दिसलं पाहिजे. आधी सगळं सांग. ती ओरडेल. ओरडू दे, माझी पोर आहे. मग तिला म्हण, पाच मिनिटं वाजवू. पाचच. तू तिकडे, ती इकडे. आणि त्या जागी आला की चुकव. बटण दाबून नाही, बोटाने.

मला काही कळवू नकोस. मला पत्र नको, खोकं नको, अंगठा तर नकोच. मी स्वयंपाकघरात असेन, मला ऐकू येईल.

रविवारी, तीन ऑगस्टला, संध्याकाळी सहाच्या आत फोन वाजला पाहिजे. माझा नाही. तिचा.

ताई